‘एक्स-रे नॉर्मल आहे’ : खुब्याचं हाड वाचवण्याचा इतिहास

इतिहासावर व्याख्यान आहे असं कळल्यावर तुमच्यापैकी अनेकांच्या मनात किल्ले रायगड आला असेल, आंग्र्यांचं आरमार आलं असेल, चिरनेरचा जंगल सत्याग्रह आला असेल. आपल्या जिल्ह्यात इतिहासाला तोटा नाही. पण आज गडबमध्ये, पेण आणि रोह्याच्या मधल्या या पट्ट्यात, आम्ही एका हाडाचा इतिहास सांगणार आहोत. लढाया यातही आहेत, हार-जीतही आहे. आणि तो अजून संपलेला नाही, म्हणून तर तो सांगायला इथे आलो.

सुरुवात एका साध्या गोष्टीने करू. मांडी घालून बसणे. पंगतीला बसायचं तर मांडी लागते, भजनाला बसायचं तर लागते. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर तासन् तास मांडी घालूनच बसलेला असतो. भातलावणीला कमरेतून वाकावं लागतं, बाजारात मासळीच्या पाटीमागे उकिडवं बसावं लागतं. हे सगळं ज्या एका सांध्यावर चालतं तो म्हणजे खुबा. शाळेच्या पुस्तकात त्याला उखळीचा सांधा म्हटलेलं असतं. कमरेच्या हाडात उखळीसारखी खोलगट वाटी आणि तिच्यात फिरणारं मांडीच्या हाडाचं गोल डोकं.

आता आपण एक तरुण डोळ्यांसमोर आणू. खरा नव्हे, मनातला. वय तीस-बत्तीस. कारखान्यात पाळीवर जातो, पावसाळ्यात घरची शेती बघतो. एक दिवस त्याच्या लक्षात येतं की उजवी मांडी नीट घालता येत नाही. जांघेत कळ येते, कधी ती गुडघ्यापर्यंत उतरते. गुडघाच दुखतोय असं समजून तो गुडघ्याला तेल लावतो. महिनाभराने दवाखान्यात जातो. खुब्याचा एक्स-रे निघतो आणि तो ऐकतो, ‘एक्स-रे नॉर्मल आहे.’ त्याला बरं वाटतं. दुखणं मात्र थांबत नाही. वर्षभराने तो लंगडत परत येतो, तेव्हाच्या एक्स-रेत हाडाचं डोकं एका बाजूने खचलेलं असतं. आणि मग कोणीतरी म्हणतं, ‘आधी यायला हवं होतं.’ अहो, तो आधीच आला होता!

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. या आजारावरच्या शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या एका वाक्याशी झालेला झगडा आहे. चाकू कसा चालवायचा हे सर्जनना बरंच लवकर जमलं. कधी चालवायचा, हे कळायला फार वेळ लागला.

हाड कुजत नाही, उपाशी मरतं

डॉक्टर या आजाराला ‘एव्हीएन’ म्हणतात, म्हणजे अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. आपल्याकडे लोक सरळ ‘हाड कुजलं’ म्हणतात. हा शब्द घाबरवतो आणि चुकीचाही आहे. इथे पू नसतो, जंतू नसतो, वास नसतो. इथे हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतल्या पेशी मरतात. हाड कुजत नाही, उपाशी मरतं.

पण हे नेमकं इथेच का होतं? खाडीपलीकडच्या एखाद्या वस्तीची कल्पना करा. तिकडे जायला एकच अरुंद बांध. तो फुटला की दुसरी वाट नाही. मांडीच्या हाडाच्या डोक्याचं तसंच आहे. त्याला येणारं बहुतेक रक्त हाडाच्या मानेवरून चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून येतं. १९५३ मध्ये ऑक्सफर्डला जोसेप त्रुएता आणि हॅरिसन या दोघांनी या वाहिन्यांचा तपशीलवार नकाशा मांडला. त्रुएता मूळचे कॅटलोनियाचे, स्पेनच्या यादवी युद्धानंतर इंग्लंडमध्ये आलेले सर्जन. प्रौढ माणसात या डोक्याला पर्यायी वाटा किती थोड्या आहेत, हे त्या कामामुळे स्पष्ट झालं.

खुब्याजवळ हाड मोडलं तर हा बांध फुटू शकतो, ते समजण्यासारखं आहे. पण तरुणांमध्ये अनेकदा काहीही न मोडता हे घडतं. जास्त मात्रेत घेतलेली स्टेरॉइड्स, बरीच वर्षं अतिरेकी दारू, सिकलसेलसारखा रक्ताचा आजार ही त्याची ठाऊक असलेली कारणं आहेत, आणि काही जणांत कारण सापडतच नाही. बऱ्याच जणांना दोन्ही खुब्यांत हा आजार होतो, एक आधी बोलतो आणि दुसरा नंतर.

आता यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट ऐका. मेलेलं हाड लगेच मोडत नाही. ते कित्येक महिने वजन पेलत उभं असतं. मोडतं ते दुरुस्ती सुरू झाल्यावर! जुन्या घराची वाळवी लागलेली तुळई काढली आणि नवी बसवायच्या आत पाऊस कोसळला, तर छप्पर कधी बसणार? त्या मधल्या वेळात. शरीर आधी मेलेलं हाड पोखरून काढतं आणि मग नवं भरतं. पोखरणं पुढे जातं, भरणं मागे राहतं. त्या दरम्यान माणूस तर चालतच असतो, ओझी उचलतच असतो. कूर्चेखालचा हाडाचा पातळ थर तडकतो आणि गोल डोकं चपटं होतं. एकदा ते चपटं झालं की उखळीत नीट फिरत नाही, आणि सांधा झिजू लागतो.

म्हणजे डोकं उपाशी पडणं आणि डोकं खचणं यांच्यामध्ये एक फट आहे. कोणाला काही महिने मिळतात, कोणाला वर्ष-दोन वर्षं. हाड वाचवायची बहुतेक सगळी शस्त्रक्रिया या फटीत करावी लागते. आणि या फटीच्या पहिल्या भागात एक्स-रे नॉर्मल असतो.

१९४८ आणि १९४९

हाड मरतं हे जुन्या वैद्यकाला ठाऊक होतं. एडिंबराच्या जेम्स रसेल यांनी १७९४ मध्येच हाडाच्या मृत्यूवर पुस्तक लिहिलं. पण त्या काळात दिसायचं ते बहुतेक पू झालेलं, जंतुसंसर्गाने मेलेलं हाड. शांतपणे, बाहेर काहीच न दाखवता मरणारं हाड दिसायला आतलं बघायचं साधन हवं होतं. रोंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. पुढे १९१० मध्ये अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्व्हे आणि जर्मनीत पेर्थेस यांनी वेगवेगळं काम करून लहान मुलांच्या खुब्यातला असाच आजार मांडला. १९११ च्या सुमारास हॅम्बुर्गला एल्ब नदीखालच्या बोगद्यात दाबाच्या हवेत काम केलेल्या मजुरांची हाडं मेल्याची नोंद बोर्नस्टाइन आणि प्लाटे यांनी केली. कष्टकऱ्यांच्या खुब्याचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, हे ध्यानात ठेवा.

मग येतं १९४८ हे साल. हे साल आणि त्याच्या पुढचं साल आम्हाला या सगळ्या कथेत फार महत्त्वाचं वाटतं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या चँडलर यांनी या दुखण्याला ‘खुब्याचा कोरोनरी आजार’ असं नाव दिलं. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली की हृदयाचा तुकडा मरतो, तसंच इथे हाडाच्या डोक्याचं होतं, हा त्याचा अर्थ. आजाराचं मर्म एका नावात पकडलं गेलं. त्याच वर्षी, सप्टेंबर महिन्यात, मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांधेवाताच्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन दिलं. अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. तिसरी घटना १९४९ ची. शिकागोच्या डॅलस फेमिस्टर यांनी प्रौढांच्या मेलेल्या हाडाच्या डोक्यासाठी शस्त्रक्रिया मांडली. मानेतून डोक्यापर्यंत बोगदा पाडायचा आणि रुग्णाच्याच पायातल्या हाडाची कांडी आत ठोकून खचत्या छताला टेकू द्यायचा.

म्हणजे बघा, वर्षा-दीड वर्षात आजाराला नेमकं नाव मिळालं, त्यावरचा उपाय मिळाला, आणि पुढे ज्याच्यामुळे हा आजार हजारो तरुणांना होणार होता ते औषधही मिळालं. त्या वेळी या तीन गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे हे कोणालाच दिसलं नाही. स्टेरॉइड आणि खुबा यांचं नातं दाखवणारा पहिला अहवाल इटलीच्या पिएत्रोग्रांदे आणि मास्त्रोमारिनो यांनी १९५७ मध्ये दिला.

फेमिस्टर यांचा टेकू चांगलाच होता. अडचण अशी की रुग्ण त्यांच्याकडे यायचा तो एक्स-रेत दिसू लागल्यावर. तोवर तुळई बरीच पोखरलेली असायची.

तुलूजमधला योगायोग

फ्रान्समधल्या तुलूज शहरात १९६० च्या दशकात दोघे जण काम करत होते. झाक आर्ले हे संधिवाततज्ज्ञ आणि पॉल फिका हे सर्जन. त्यांच्याकडे असे रुग्ण यायचे ज्यांना दुखतं, पण एक्स-रे नॉर्मल. या दोघांनी ‘काही नाही’ म्हणून त्यांना घरी धाडलं नाही. रुग्ण दुखतं म्हणतोय तर दुखतंय, असं धरून त्यांनी हाडाच्या आतला दाब मोजला. तो वाढलेला होता. मग खात्री करायला एक बारीक बोगदा पाडून हाडाचा नमुना काढला. १९६४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

आणि इथे गंमत झाली. तपासणीसाठी भोक पाडलं, तर रुग्णाचं दुखणंच कमी झालं! हाड ही टणक, बंद पेटी. आत सूज आली तर पसरायला जागा नाही, दाब वाढतो आणि त्या दाबाखाली उरलेल्या रक्तवाहिन्याही चेपतात. शिट्टी अडकलेला कुकर म्हणा. बोगद्याने वाफ सुटली. तपासणीचं तंत्र होतं, ते उपचार झालं. यालाच आज ‘कोअर डीकंप्रेशन’ म्हणतात. मांडीच्या बाजूला छोटा छेद घेऊन, मानेतून डोक्यातल्या मेलेल्या भागापर्यंत एक किंवा अनेक बोगदे पाडतात. तरुण माणसाच्या खुब्यात लवकरच्या टप्प्यावर जगभर सगळ्यात जास्त होणारी शस्त्रक्रिया हीच.

फिका आणि आर्ले यांनी आणखी एक काम केलं, आणि आमच्या मते ते बोगद्याहून मोठं आहे. त्यांनी आजाराच्या पायऱ्या पाडल्या. पहिल्या पायरीवर दुखतं, पण एक्स-रे नॉर्मल असतो. दुसऱ्या पायरीवर एक्स-रेत बदल दिसतो, पण डोकं अजून गोल असतं. तिसऱ्या पायरीवर डोकं खचतं. चौथ्या पायरीवर सगळा सांधाच झिजतो. ‘एक्स-रे नॉर्मल’ या शब्दांचा अर्थ ‘आजार नाही’ असा होत होता. आता तो ‘पहिली पायरी असू शकते’ असा झाला. पुढे १९८० च्या दशकात एमआरआय आलं आणि तुलूजला जे हाडात भोक पाडून कळत होतं ते बाहेरून दिसू लागलं. साधन हाती आलं. पण सगळ्यांच्या हाती आलं का? त्याकडे नंतर येऊ.

रोप मुळासकट लावावं तसं

बोगदा पाडल्याने दाब सुटतो, पण उपाशी हाडाला अन्न कोण देणार? टेकूसाठी ठोकलेली हाडाची कांडी स्वतःच मेलेली असते. ती रोवलेल्या खुंटासारखी. पुढच्या पिढीने विचार केला की खुंट रोवायच्या ऐवजी मुळासकट रोप लावता येईल का?

तीन वेगळ्या देशांत तीन वाटा निघाल्या. जपानमध्ये सुगिओका यांनी १९७८ मध्ये वेगळीच युक्ती मांडली. डोक्याचा एक भाग मेलाय, दुसरा जिवंत आहे, तर मानेच्या मुळाशी हाड कापून डोकंच फिरवायचं, म्हणजे वजन जिवंत भागावर येईल. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जेम्स अर्बानिअक यांनी १९७९ पासून पायातल्या बारीक हाडाचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून खुब्यात बसवायला आणि वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडायला सुरुवात केली. काम सुंदर, पण तासन् तास चालणारं, महागडं, मोजक्या हातांना जमणारं.

तिसरी वाट आपल्या देशातली आहे आणि तिचा उल्लेख आपल्याकडे फार कमी होतो. कलकत्त्याचे डॉ. डी. पी. बक्षी यांनी १९८३ मध्ये आणि पुन्हा १९९१ मध्ये ब्रिटनच्या हाडांच्या शस्त्रक्रियेवरील नामवंत नियतकालिकात आपली पद्धत मांडली. डोक्यात अनेक बोगदे पाडायचे, मेलेलं हाड काढायचं आणि जवळच्या स्नायूला चिकटलेला हाडाचा तुकडा त्या स्नायूसकट वळवून तिथे बसवायचा. स्नायूतून रक्त येतं, म्हणून तुकडा जिवंत राहतो. वाहिन्या तोडायच्या नाहीत, म्हणून जोडायलाही नकोत आणि सूक्ष्मदर्शकही नको. आवणातून काढलेलं रोप मातीसकट दुसऱ्या खाचरात नेऊन लावणं तुम्हाला आम्ही काय सांगावं!

यात आपल्याकडच्या परिस्थितीची जाण आहे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कृत्रिम खुबा यशस्वी केला. आपल्याकडे मुंबईत डॉ. के. टी. ढोलकिया हे सांधेरोपणाच्या अग्रणींपैकी एक. साठीच्या माणसाला त्या सांध्याने नवं आयुष्य दिलं, यात शंका नाही. पण तिशीच्या माणसाचं काय? कृत्रिम सांधा झिजतो. पुढे चाळीस वर्षं काढायची तर तो बदलायची वेळ येऊ शकते, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. आजचे सांधे पूर्वीपेक्षा बरेच टिकाऊ आहेत, तरी उकिडवं बसणं, जमिनीवर मांडी घालणं, ओझी वाहणं याबाबत अनेक रुग्णांना जपूनच राहायला सांगतात. टेबल-खुर्चीवरच्या माणसाला हे जमून जातं. लावणीला उतरणाऱ्याला, होडीत चढणाऱ्याला, जोह्याच्या कारागिराला ते जड जातं. म्हणून स्वतःचं हाड वाचवण्याची किंमत इकडे जास्त आहे.

२००२ मध्ये फ्रान्सच्या फिलिप एर्निगू यांनी बोगद्याला आणखी एक जोड दिली. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी दाट करायच्या आणि बोगद्यातून मेलेल्या भागात सोडायच्या. त्यांनी ११६ रुग्णांच्या १८९ खुब्यांचा अनुभव मांडला. डोकं खचण्याआधी हा उपचार झालेल्यांना फायदा स्पष्ट होता, खचल्यावर फारसा नव्हता. पुन्हा तीच गोष्ट. तंत्र कुठलंही घ्या, घड्याळ तेच.

खरंच फायदा होतो का?

इथे आम्हाला तुमच्याशी प्रामाणिक राहिलं पाहिजे. शस्त्रक्रियेची जाहिरात करायला आम्ही आलेलो नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत स्टुलबर्ग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून तुलना केली, तेव्हा बोगदा पाडलेल्यांची स्थिती चांगली निघाली. १९९५ मध्ये कोरियाच्या कू यांनी अशीच तुलना केली, तर डोकं खचणं टाळण्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मग खरं कोण?

उत्तर बरंचसं मेलेल्या भागाच्या आकारात आणि जागेत आहे. मेलेला भाग छोटा असेल आणि वजन न येणाऱ्या बाजूला असेल, तर काही न करताही अनेक खुबे टिकतात. तो मोठा असेल आणि थेट वजनाखाली असेल, तर नुसत्या बोगद्याने भागेलच असं नाही. म्हणून आज चांगला सर्जन प्रत्येकाला एकच शस्त्रक्रिया सांगत नाही. तो एमआरआयवर भाग किती, कुठे, डोकं गोल आहे का, आणि दुसरा खुबा कसा आहे, हे बघतो. पण या सगळ्या निवडी ज्याचं डोकं अजून गोल आहे त्याच्याच पुढे असतात. खचल्यावर पर्याय भराभर कमी होतात.

मुंबई, २०२१

आता आपल्या जवळ येऊ. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. संजय अगरवाला आणि संधिवाततज्ज्ञ डॉ. व्ही. आर. जोशी यांच्या चमूने शस्त्रक्रियेआधीचा एक मार्ग तपासला. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात ते अलेंड्रोनेट नावाचं औषध. विचार सोपा आहे. शरीर मेलेलं हाड फार वेगाने पोखरतं म्हणून डोकं खचतं, तर पोखरणंच मंद करू. २००५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि २०११ मध्ये दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे. निकाल आशादायक होते. पुढे २०१२ मध्ये तैवानमध्ये काहींना औषध आणि काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देऊन तुलना झाली, तेव्हा फायदा दिसला नाही. म्हणजे वाद मिटलेला नाही.

याच चमूने २०२१ मध्ये आणखी एक नोंद केली. कोविड झालेले तीन रुग्ण, तिघेही चाळिशीच्या आतले. उपचारात स्टेरॉइड मिळालेलं. कोविडचं निदान झाल्यावर सरासरी ५८ दिवसांत त्यांचा खुबा दुखू लागला. स्टेरॉइडनंतर हा आजार साधारण सहा महिने ते वर्षाने दिसतो असा आधीचा अनुभव. त्यांना मिळालेली मात्रा प्रेडनिसोलोनच्या हिशेबात सरासरी ७५८ मिलिग्रॅम होती, आणि आधीच्या लिखाणात धोक्याची मानलेली एकूण मात्रा सुमारे २००० मिलिग्रॅम.

यावरून स्टेरॉइडला शिव्या देऊ नका. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की ऑक्सिजन लागलेल्या कोविड रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचतात. मात्रा होती रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. त्या औषधाने इथेही किती घरांतले कर्ते जीव वाचले असतील! तीन रुग्णांवरून सिद्धांत होत नाही, आणि विषाणूचाही काही हात असू शकतो. पण इशारा जुनाच होता. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर हाँगकाँगमध्ये स्टेरॉइड मिळालेल्या २५४ रुग्णांची एमआरआय तपासणी झाली, त्यात १२ जणांच्या हाडांत हा आजार सापडला होता.

मुंबईच्या त्या तिघांबद्दल एक गोष्ट तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती. हे रुग्ण स्वतः डॉक्टर होते. दुखणं सुरू होताच त्यांनी ओळखलं आणि लगेच उपचाराला आले. हे वाचलं आणि आम्ही थबकलो. मांडीत कळ आली की ‘हे एव्हीएन असेल’ असं वाटायला डॉक्टर असावं लागतं का? गडबच्या पोराने काय करायचं?

हाच प्रश्न महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकालाही आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. विदर्भातल्या आणि आदिवासी भागांतल्या सिकलसेलच्या तरुणांमध्ये खुब्याचं हाड मरणं ही ओळखीची गुंतागुंत आहे. पण सिकलसेलमध्ये अंग दुखतच असतं, त्यामुळे खुब्याचं दुखणं त्या सगळ्या दुखण्यांत हरवून जातं. कारणं वेगळी आहेत, पण वेळ वाया जाण्याची पद्धत तीच.

घड्याळ आणि महामार्ग

इतिहास सांगून झाला. आता हिशेब मांडू. तुलूजला १९६४ मध्ये कळलं की एक्स-रे नॉर्मल असताना आजार असू शकतो. त्याला आता साठ वर्षं उलटून गेली. हे ज्ञान गडबपर्यंत पोचायला किती ठिकाणी थांबतं, ते बघा.

पहिला थांबा आपल्या घरात. दुखतं गुडघ्यात म्हणून गुडघ्यालाच लेप. शिवाय दुखणं चटकन थांबवणाऱ्या अनोळखी पुड्या. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. म्हणजे ज्यामुळे हा आजार होऊ शकतो, त्याच वस्तूने आपण तो झाकतो. दुसरा थांबा दवाखान्यात. तिथे खुबा आत वळवून न बघताच ‘नॉर्मल’ म्हटलं जातं. तिसरा थांबा रस्त्यात. पेणला आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. पण एमआरआय आणि हाड वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी अनेकांची पावलं अखेर पनवेलकडे, मुंबईकडे वळतात. पाळी बुडते, मजुरी बुडते. माणूस म्हणतो, लावणी होऊ दे, गणपती होऊ देत, मग जाऊ. तोवर दिवाळी येते. आणि आपण मघाशी बोललो ती फट महिन्यांची असते.

चौथा थांबा पैशाचा. पण इथे एक चांगली गोष्टही आहे. २०१२ मध्ये राज्याने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कोणती शस्त्रक्रिया तिच्यात बसते आणि कोणत्या रुग्णालयात, हे निघण्याआधी विचारून घ्यावं. पण ‘आपल्याला परवडणार नाही’ असं मनाशी ठरवून घरी बसू नये.

हे सगळे थांबे एका व्याख्यानाने हटणार नाहीत, हे आम्हालाही कळतं. पण पहिले दोन थांबे पैशाचे नाहीत, माहितीचे आहेत. तरुण माणसाला काही आठवडे जांघेत दुखत असेल, मांडी घालताना एक बाजू अडत असेल, पाय आत वळवताना कळ येत असेल, आणि मागे स्टेरॉइड घेतलेलं असेल, दारू बरीच असेल किंवा सिकलसेल असेल, तर एक्स-रे नॉर्मल आला तरी एक प्रश्न विचारायचा : ‘डॉक्टर, हे एव्हीएन असू शकतं का? एमआरआयची गरज आहे का?’ आणि एका खुब्यात निघालं, तर दुसराही बघून घ्यायला सांगायचं. दर वेळी उत्तर ‘हो’ येणार नाही, बहुतेक वेळा दुखण्याचं कारण साधंच असेल. पण प्रश्न विचारायला हरकत काय?

इतकी वर्षं, इतके देश, इतके सर्जन. टेकू झाला, बोगदा झाला, डोकं फिरवून झालं, मुळासकट रोप लावून झालं, मगज भरून झाला. प्रत्येकाने शेवटी एकच सांगितलं की लवकर पाठवा. ‘लवकर’ हा शब्द मात्र शस्त्रक्रियागृहात ठरत नाही. तो पंगतीत ठरतो, पाटावर बसताना कोणीतरी कळवळतं आणि शेजारचा विचारतो, ‘काय रे, मांडी का घालत नाहीस?’ तिथे.

हा प्रश्न तुम्ही विचारत जा, एवढीच विनंती.